मुलगी शास्त्रज्ञ हवी, पार्षद नको!

गेल्या कोजागरीला आमच्या थोरल्या बंधूंच्या गच्चीवर घरातील तीन पिढ्या जमल्या होत्या. मसाला दूध आटत होते, मुलांच्या भेंड्या रंगात आल्या होत्या. तेवढ्यात माझ्या पुतणीने सहज सांगावे तसे सांगितले, "पुढच्या नगर निगमाच्या निवडणुकीत मी आपल्या वॉर्डातून उभी राहणार आहे." ही मुलगी रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळवून बारा वर्षे पाणी-परीक्षणाच्या एका खासगी प्रयोगशाळेत काम करते आहे. तिला डॉक्टरेट मिळाली तेव्हा याच गच्चीवर पेढे वाटले गेले होते आणि तिचे छायाचित्र आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत छापून आले होते. त्या रात्री मात्र भेंड्या थांबल्या. बंधू म्हणाले, "एवढं शिकलीस ती आता नाल्या मोजायला?" वहिनींना काळजी पडली ती सासरची माणसे काय म्हणतील याची. कोणी तरी पुटपुटले, "राजकारण हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे." आणि मग सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी राज्य शासनाच्या सेवेत चौतीस वर्षे काढली, त्यांतील निम्मी नगरपालिकांच्या कारभारात. तेव्हा मुलीला चार शब्द सांगून वळवण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

मी त्या रात्री गप्प राहिलो. गप्प राहण्याची सवय शासकीय सेवेत चांगली लागते आणि निवृत्तीनंतरही ती सुटत नाही. ती मोडावी म्हणून हा लेख लिहीत आहे. ज्या घरांत हा अंक वाचला जातो, त्या घरांतूनही अशीच कोजागरी कधी ना कधी साजरी होणार आहे, असा माझा समज आहे.

पुतणीने त्या रात्री दिलेले उत्तर आधी सांगतो, कारण माझे पुढचे सारे म्हणणे त्यावरच उभे आहे. ती म्हणाली, "काका, पाण्याची बाटली माझ्याकडे येते तेव्हा त्यात काय आहे ते मी सांगू शकते. पण ती घाण कुठून आली, नळाची आणि मैल्याची वाहिनी एकाच खंदकातून कोणी नेली, हे विचारायचा अधिकार मला नाही. तो पार्षदाला आहे."

आपल्या समाजात या विषयावर जे आक्षेप ऐकू येतात ते मुख्यतः तीन. राजकारण घाणेरडे आहे, हा पहिला. शास्त्राचे शिक्षण वाया जाते, हा दुसरा. आणि तिसरा जरा सुशिक्षित आक्षेप असा की, शास्त्रज्ञ सत्याचा उपासक असतो, राजकारणात गेला की तो भ्रष्ट होतो. या तिन्हींचा विचार करायचा तर हवेत बोलण्यापेक्षा ज्यांनी हा मार्ग प्रत्यक्ष चोखाळला त्यांच्याकडे पाहणे बरे.

शास्त्र शिकून देशाच्या सर्वोच्च पदावर पोहोचलेल्या स्त्रियांत दोन नावे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. मार्गारेट थॅचर ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकल्या. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या डोरोथी हॉजकिन त्यांच्या मार्गदर्शक होत्या. एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात आणि नंतर एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत त्यांनी रसायनज्ञ म्हणून नोकरी केली. १९५० आणि १९५१ अशा दोन निवडणुका हरल्यावर १९५९ साली त्या संसदेत पोहोचल्या आणि १९७९ ते १९९० पंतप्रधान होत्या. हवामानबदलाच्या संकटाविषयी १९८९ साली संयुक्त राष्ट्रसंघात त्या बोलल्या, तेव्हा त्यांच्यातील रसायनज्ञ बोलत होता हे खरे. पण त्याच थॅचरबाईंना त्यांच्याच ऑक्सफर्डने १९८५ साली सन्माननीय पदवी नाकारली, कारण शिक्षण आणि संशोधन यांच्या अनुदानाला त्यांच्या सरकारने लावलेली कात्री. पदवीत विज्ञान असले म्हणजे कारभारात ते उतरतेच असे नाही, हा यातला धडा.

अँगेला मर्केल यांची गोष्ट वेगळी. लाइपझिगला पदार्थविज्ञान शिकून त्या पूर्व बर्लिनच्या विज्ञान अकादमीत संशोधन करीत होत्या. १९८६ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९८९ साली भिंत पडली आणि पस्तिशीतल्या या बाई एका नव्या, चिमुकल्या पक्षाच्या कार्यालयात कामाला गेल्या. पुढच्याच वर्षी त्या खासदार झाल्या, १९९१ साली मंत्री आणि २००५ साली चान्सलर. सोळा वर्षे त्या त्या पदावर होत्या. २०२० सालच्या एप्रिलमध्ये एक रोगी सरासरी किती जणांना लागण देतो, तो आकडा एकावरून १.१ किंवा १.२ झाला तर रुग्णालये कोणत्या महिन्यात अपुरी पडतील, हे त्यांनी शाळेतल्या बाईंसारखे देशाला समजावून सांगितले. कोणत्याही राज्यकर्त्याने हेवा करावा असा तो प्रसंग. पण मर्केलबाईंचा मार्ग अनुकरणाला उपयोगी नाही. आपले राष्ट्र कोसळून दरवाजे आपोआप उघडतील, अशी वाट पाहत कोणाला बसता येत नाही.

म्हणून मी तिसरे नाव घेतो. आपल्या वृत्तपत्रांत ते दोन दिवस चमकून गेले आणि विसरले गेले. मेक्सिकोच्या अध्यक्षा क्लॉडिया शेनबॉम यांचे ते नाव.

या बाईंचे घराणेही आपल्यासारखेच बाहेरून येऊन स्थायिक झालेले. वडिलांकडचे आजोबा-आजी लिथुआनियाहून आलेले, आईकडचे बल्गेरियाच्या सोफियाहून. वडील रासायनिक अभियंते, आई जीवशास्त्राच्या प्राध्यापिका. १९६२ साली मेक्सिको शहरात जन्मलेल्या क्लॉडियाबाई राष्ट्रीय विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकल्या. त्यांच्या पदवीच्या प्रबंधाचा विषय काय होता? खेड्यातल्या घरातली लाकडाची चूल! कमी सरपणात जास्त उष्णता कशी मिळेल, याचा उष्मागतिकीच्या अंगाने केलेला अभ्यास. आपल्या आज्या-पणज्यांचे डोळे ज्या धुराने गेले तो धूर या मुलीने शास्त्राचा विषय मानला. पुढे त्यांनी ऊर्जा अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतली आणि त्यासाठी अमेरिकेतील बर्कलेच्या प्रयोगशाळेत मेक्सिकोच्या ऊर्जावापराचे संशोधन केले. हवामानबदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अहवालांच्या लेखकांतही त्या होत्या. विद्यार्थिदशेत, १९८६-८७ साली, विद्यापीठाच्या शुल्कवाढीविरुद्धच्या चळवळीत त्या उतरल्या होत्या. म्हणजे चळवळ आणि प्रयोगशाळा या दोन वाटा त्यांच्या घरात कधी परक्या नव्हत्याच.

आता पदांची क्रमवारी पाहा, कारण माझा सारा मुद्दा या क्रमात आहे. २००० साली त्या मेक्सिको शहराच्या पर्यावरण-सचिव झाल्या. त्या काळात शहरातल्या प्रमुख रस्त्यावर स्वतंत्र मार्गिकेतून धावणारी बससेवा सुरू झाली (२००५). २०१५ साली शहराच्या दक्षिणेकडील त्लाल्पान या एका विभागाच्या प्रमुखपदी त्या निवडून आल्या. हा विभाग सहा लाखांवर वस्तीचा. कामे नाल्यांची, परवान्यांची, पाण्याच्या टँकरांची. ज्या बाईंचे नाव जागतिक अहवालांत होते, त्यांना या कामाची लाज वाटली नाही. २०१८ साली त्या साऱ्या शहराच्या प्रमुख म्हणून निवडून आल्या. हे शहर तळे बुजवून वसलेले, भूजल उपसून उपसून खचत चाललेले. पावसाळ्यात तुंबते आणि उन्हाळ्यात तहानते. तिथे पाणी न पोहोचणाऱ्या वस्त्यांतील हजारो घरांच्या छपरांवर पावसाचे पाणी साठवण्याची व्यवस्था बसवली गेली. डोंगरउतारावरच्या गरीब वस्त्यांसाठी २०२१ साली हवाई पाळण्यांचा मार्ग सुरू झाला. आणि २ जून २०२४ च्या निवडणुकीत सुमारे साठ टक्के मते मिळवून त्या देशाच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या. १ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांनी शपथ घेतली.

सुज्ञ वाचकांना वाटेल, आता हा गृहस्थ आरती ओवाळणार. तसे नाही. मी सेवेत असताना फायलीची दुसरी बाजू वाचल्याशिवाय सही करीत नसे.

१९ सप्टेंबर २०१७ रोजी मेक्सिको शहरात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्लाल्पान विभागातील एका शाळेची इमारत कोसळून १९ मुले आणि ७ प्रौढ माणसे मृत्युमुखी पडली. त्या शाळेवर वरचे मजले चढवले गेले होते आणि परवान्यांच्या कागदपत्रांत गोंधळ होता. विभागाच्या प्रमुख शेनबॉम होत्या. गैरप्रकार त्यांच्या आधीपासूनचे आहेत, असा त्यांचा बचाव होता. शाळेच्या संचालिकेला पुढे न्यायालयाने शिक्षाही केली. पण मुलांच्या आईबापांनी प्रश्न विचारला तो क्लॉडियाबाईंनाच, आणि तो विचारायलाच हवा होता. ३ मे २०२१ रोजी शहरातील मेट्रोचा उन्नत मार्ग कोसळून २६ जण गेले. मार्ग बांधला होता २०१२ साली, आधीच्या कारभाऱ्यांनी. देखभालीची जबाबदारी मात्र शेनबॉम यांच्या प्रशासनाची. बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेने बांधकामातील दोष दाखवले तेव्हा ते मान्य झाले. त्याच संस्थेच्या पुढच्या अहवालाने तपासणीतील उणिवांकडे बोट दाखवले, तेव्हा तो २०२२ साली फेटाळण्यात आला. कोविडच्या साथीत त्यांनी मुखपट्टी आणि चाचण्या यांचा आग्रह धरला, तोही त्यांच्याच पक्षाचे अध्यक्ष या बाबतीत ढिलाई दाखवीत असताना. पण त्याच शहराने रोग्यांना आयव्हरमेक्टिन हे औषध वाटले. त्याची उपयुक्तता सिद्ध झालेली नव्हती, आणि शहर प्रशासनाशी संबंधित लेखकांनी त्याच्या समर्थनार्थ लिहिलेला लेख ज्या संग्रहात ठेवला होता, तेथून तो २०२२ साली काढून टाकण्यात आला.

हे सारे मी मुद्दाम लिहिले. तिसरा आक्षेप घेणारे म्हणतील, "पाहा, शास्त्रज्ञसुद्धा राजकारणात गेल्यावर गैरसोयीचा अहवाल फेटाळतो." मी म्हणतो, हो, फेटाळतो. प्रयोगशाळेतही काही शास्त्रज्ञ गैरसोयीचे आकडे खणात ठेवतातच. फरक एवढाच की प्रयोगशाळेतला खण कोणी उघडत नाही. त्लाल्पानच्या बाईंना शाळेच्या दारात जाब विचारला गेला आणि सहा वर्षांनी मते मागताना तोच प्रश्न पुन्हा पुढे आला. शास्त्रज्ञ देव नसतात. म्हणूनच त्यांना मतदारांच्या धाकात आणणारी व्यवस्था हवी. "तज्ज्ञांच्या हाती कारभार द्या, निवडणुकांची कटकट कशाला" असे आपल्या बैठकीच्या खोल्यांत जे म्हटले जाते, त्याच्याशी माझे वैर आहे. तज्ज्ञाने सत्ता मागून घेऊ नये. दारोदार जाऊन ती मिळवावी, आणि सुरुवात अशा ठिकाणी करावी जिथे चूक झाली तर चुकीचा पत्ता सर्वांना माहीत असेल. तसे ठिकाण म्हणजे वॉर्ड.

आता दुसरा आक्षेप : शास्त्र वाया जाते. या आक्षेपाचे उत्तर माझ्या स्वतःच्या एका अपराधात आहे. तो आजवर मी कोठे सांगितला नाही.

सन २००१. मी एका मध्यम वस्तीच्या गावी मुख्य नगरपालिका अधिकारी होतो. गावाचे नाव सांगत नाही. परिषदेत एक पार्षद होत्या, गृहिणी, बी.एस्सी. झालेल्या. आरक्षणामुळे त्यांच्या घरच्यांनी त्यांना उभे केले होते, आणि कारभार त्यांचे यजमान पाहतील असे सर्वांनी गृहीत धरले होते. आमच्याकडे अशा यजमानांना 'पार्षदपती' म्हणतात; घटनेत नसलेले हे पद कागदावर नसले तरी खुर्चीवर असतेच. पण या बाई स्वतः येत. एके दिवशी त्या एक छोटी कुपी घेऊन माझ्या कार्यालयात आल्या. त्यात ऑर्थोटॉलिडीन होते. नळाच्या पाण्यात त्याचे काही थेंब टाकले आणि पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल, तर पाणी पिवळे होते. नसेल तर होत नाही. शेवटच्या नळापर्यंत लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे, असा दंडक आहे. बाईंनी स्वतःच्या वॉर्डात गल्लोगल्ली फिरून परीक्षा केली होती. टाकीजवळच्या घरांत पाणी पिवळे झाले, उतारावरच्या शेवटच्या गल्लीत झाले नाही. त्यांनी आमची नोंदवही मागितली. त्या नोंदवहीत वर्षभर रोज एकच आकडा होता, एकाच शाईने, एकाच हाताने लिहिलेला. मला ते ठाऊक होते. मी बाईंना म्हणालो, "ताई, हा तांत्रिक विषय आहे. आमचे लोक पाहतील."

त्या पावसाळ्यात त्या गल्लीत काविळीची साथ आली. कोणी दगावले नाही, हे माझे नशीब. माझे कर्तृत्व नव्हे. पुढच्या निवडणुकीत आरक्षणाची सोडत निघाली, वॉर्डाचा प्रवर्ग बदलला आणि बाई घरी बसल्या. मला हायसे वाटले, हेही कबूल केले पाहिजे. सही करणारे पार्षदपती आम्हा अधिकाऱ्यांना सोयीचे असत. रस्त्याच्या कंत्राटाचे बोलत, निघून जात. नोंदवही मागणारी बाई गैरसोयीची होती.

आता मला कोणी सांगावे की तिचे बी.एस्सी. वाया गेले होते काय? त्या गावातल्या सगळ्या विज्ञान पदव्यांपैकी तीच एक उपयोगात आली होती. वाया गेले ते माझे पद. पाणी, मैला, कचरा, डास, धूर, इमारतींची मजबुती यांहून वेगळे वॉर्डाचे काम आहे तरी काय? यांतला प्रत्येक विषय रसायनशास्त्राचा, जीवशास्त्राचा किंवा स्थापत्याचा आहे. ठरावाच्या कागदावर लिहिलेले समजणारा एक माणूस सभागृहात बसला, तर निम्म्या लबाड्या मांडल्याच जात नाहीत. हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो आहे, म्हणून त्यावर विश्वास ठेवावा.

राहिला पहिला आक्षेप : राजकारण घाणेरडे आहे. हा आक्षेप आपल्या घराण्यांत इतका खोल का रुजला, याचा मी पुष्कळ विचार केला. आपले पूर्वज होळकरांच्या, शिंद्यांच्या, गायकवाडांच्या राज्यांत आले ते कोणी शिलेदार म्हणून, कोणी फडणीस, कारकून, शास्त्री, शिक्षक म्हणून. सत्ता कोणाची ही बाब ठरलेली होती. आपण तिची सेवा करायची, आणि चोख करायची. संस्थाने गेली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, आपण भाषिक अल्पसंख्य झालो. पण दरबाराची सवय राहिली. दरबाराच्या जागी सचिवालय आले, बँक आली, आता परदेशी कंपनी आली. नोकरीत आपण अव्वल. मत मागायला मात्र आपल्याला कमीपणा वाटतो, कारण मत मागण्यासाठी ज्याला आपण कधी घरात खुर्ची दिली नाही त्याच्या दारात उभे राहावे लागते. घाण राजकारणात आहे हे खरेच; पण आपल्या नाक मुरडण्यात स्वच्छतेपेक्षा हा जुना अहंकार जास्त आहे, असे मला वाटते.

आणि याला आपल्यातच सन्माननीय अपवाद आहेत. इंदूरच्या जुन्या मंडळींना वेगळे सांगायला नको की सुमित्राताई महाजन १९८९ ते २०१९ सलग खासदार आणि २०१४ पासून पाच वर्षे लोकसभेच्या अध्यक्षा होत्या, तरी त्यांची सुरुवात नगर निगमातल्या पार्षदपदापासून आणि उपमहापौरपदापासून झाली. त्यांच्या पक्षाशी कोणाचे मतभेद असोत. वाट तीच, वॉर्डापासून दिल्लीपर्यंतची. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या. पण शास्त्रज्ञ हव्या असतील तर त्याच इंदुरात जन्मलेल्या कमलाबाई सोहोनींचे स्मरण करू. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेत गेल्या, तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अटी घालून का होईना, प्रवेश मिळवला आणि आपल्या कामाने त्या अटी खोट्या ठरवल्या. १९३९ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. आपण त्यांची गोष्ट मुलींना सांगतो ती इथे संपवतो. पण कमलाबाई इथे संपल्या नाहीत. उतारवयात त्या मुंबईच्या ग्राहक चळवळीत शिरल्या, अन्नातली भेसळ हा त्यांनी आपला विषय केला आणि १९८२-८३ साली त्या संघटनेचे अध्यक्षपदही सांभाळले. प्रयोगशाळेतले ज्ञान वाण्याच्या दुकानापर्यंत नेणे, याला राजकारणाचा उंबरठा नाही तर काय म्हणायचे?

त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत याही इंदूरच्याच. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून आणीबाणीला विरोध करून १९७६ साली त्या तुरुंगात गेल्या. एक बहीण जीवरसायनशास्त्रज्ञ, दुसरी लेखिका. दोघींपैकी कोणीही "हे आपल्यासारख्यांचं काम नव्हे" असे म्हटले नाही. आपण दोघींच्या तसबिरी सभागृहात लावतो आणि पुतणीला म्हणतो, नाल्या कशाला मोजतेस!

कायद्याने दार केव्हाच उघडले आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिका यांत स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या. मध्यप्रदेशासह अनेक राज्यांनी त्या निम्म्यापर्यंत नेल्या. वरच्या मजल्यावर चित्र वेगळे : २०२४ सालच्या निवडणुकीत लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ७४ स्त्रियांना मिळाल्या. विधिमंडळांतील आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्ती २०२३ साली संमत झाली, पण ती करतानाच अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांना बांधली गेली. मेक्सिकोत स्त्रियांना देशाच्या निवडणुकांत मताधिकार मिळाला १९५३ साली, आपल्या नंतर. पण २०१४ साली त्यांनी विधिमंडळांच्या उमेदवारीत स्त्री-पुरुषांची समसमान वाटणी घटनेत घातली आणि २०१९ साली हे तत्त्व शासनाच्या सर्व अंगांना लावले. तिथे दहा वर्षांत एक बाई अध्यक्षा झाली, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. आपल्याकडे निम्म्या जागांवर स्त्रिया निवडून येतात आणि त्यांच्या खुर्च्यांवर त्यांचे यजमान बसतात. कारण ज्यांनी त्या खुर्च्यांवर स्वतः बसण्याची हिंमत आणि तयारी दाखवायची, त्यांना आपण परदेशी विद्यापीठांची माहितीपत्रके देऊन विमानतळावर सोडून येतो.

गैरसमज नको. शास्त्र शिकलेली स्त्री निवडून आली म्हणजे वॉर्ड सोन्याचा होईल, असे माझे म्हणणे नाही. तिला तडजोडी कराव्या लागतील. पक्षाच्या तिकिटासाठी नको त्या पायऱ्या चढाव्या लागतील, किंवा अपक्ष राहून हरावे लागेल. कदाचित गैरसोयीचा अहवाल समोर आल्यावर तिचीही परीक्षा होईल आणि ती नापास होईल. पण तिला तिथे न पाठवून आपण काय कमावले, याचा हिशेब आपण कधी तरी मांडणार आहोत की नाही? आपल्या मुलींच्या ज्ञानाचा फायदा बर्कलेला आणि म्यूनिकला झाला, आणि आपल्या नळाच्या पाण्यासाठी आपण घरोघरी शुद्धीकरणाची यंत्रे विकत घेतली. ज्यांना ती परवडत नाहीत, त्यांनी काय करावे हा प्रश्न आपल्या बैठकीत निघतच नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांना माझे मागणे साधे आहे. पुढच्या गुणगौरव समारंभात शाल-श्रीफळ देताना विज्ञान शाखेच्या मुलीला विचारा की आपल्या वॉर्डाचे पाणी कोणत्या टाकीतून येते. कोणी उभी राहू म्हणाली तर तिला मंडळाच्या सभागृहात बोलवा, मग तिचा पक्ष कोणताही असो, आणि कठीण प्रश्न विचारा. निवडणुकीचा खर्च तिच्या माहेरावर आणि सासरवर टाकू नका. पावती घेऊन शंभर-दोनशे रुपये द्या. यजमानांनी तिच्या खुर्चीवर बसू नये, हे त्यांना आपणच सांगू. ती हरली तर "आम्ही आधीच म्हटले होते" हे वाक्य गिळून टाका. आणि जिंकली तर पहिल्या वर्षापासून तिचा कारभार तपासा, कारण ती आपल्यातली आहे एवढ्यावर तिला सोडून देणे म्हणजे पुन्हा दरबारच.

आमच्या घरात बंधूंचा होकार अजून आलेला नाही. वहिनींनी विरोध सोडला आहे, एवढे म्हणता येईल. पुतणीला मी कळवून टाकले आहे की पत्रके वाटायला मी येईन. गुडघे दुखतात, पण खालच्या मजल्यांपुरता उपयोगी पडेन. आणखी एक गोष्ट सांगितली. निवडून आलीस तर पहिल्याच महिन्यात क्लोरीनची नोंदवही मागव, आणि शेवटच्या गल्लीतल्या नळाचे पाणी स्वतः तपास. समोरचा अधिकारी म्हणेल की हा तांत्रिक विषय आहे. तेव्हा खुर्चीवरून उठू नकोस.